चाळीस पिना आणि एक

चौकशीचे साहेब अकरा वाजता येणार होते आणि साडेनऊ वाजले तरी घरात एकमत नव्हतं. एरवी या घरात एकमत व्हायला वेळ लागत नसे. मत एकट्या अण्णांचं असे, बाकीच्यांनी माना डोलावल्या की काम भागे. पण अण्णा चार दिवस आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते, आणि जन्मभर मान डोलावण्यात गेलेल्या माणसांना आता बोलायचं कसं तेच सुचत नव्हतं.

थोरला कारखान्याच्या टेबलाशी उभा होता. कारखाना म्हणजे घराचाच पुढचा भाग. एक भट्टी, एक ऐरण, कानशींची फळी, आणि भिंतीभर टांगलेल्या तलवारी, भाले, चिलखतं. तीन पिढ्या सिनेमावाल्यांना लागणारं लोखंड या दारातून बाहेर गेलं होतं. टेबलावर उरलेल्या पिनांचा पत्र्याचा डबा होता, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं साहेब बजावून गेले होते. थोरला डब्यापासून दोन हात लांबच उभा होता, जणू तो विस्तव होता.

"बारक्या, परत एकदा म्हण."

धाकटा भाऊ ऐरणीवर बसला होता. पस्तिशी उलटली तरी घरात त्याचं नाव बारक्याच राहिलं होतं.

"शेवटची तपासणी मी केली," तो म्हणाला. "अण्णांची तब्येत बरी नव्हती म्हणून."

"आणि?"

"आणि माझी नजरचूक झाली."

"नजरचूक नाही रे! नजरेचा काय संबंध? अंगठा चुकला म्हण. साहेब विचारतील तर नीट सांगता आलं पाहिजे."

"अंगठा चुकला," बारक्या म्हणाला. त्याचा आवाज इतका सरळ होता की थोरल्यालाच कसंतरी झालं.

ही रीत बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही, पण पटवून द्यायला लागतो. बेडी लोखंडाची, तिची कडी एका पिनेवर अडकलेली. पिन लोखंडाची असेल तर हत्तीने ओढली तरी मोडत नाही. शिशाची असेल तर मनगटाला जोराचा झटका दिला की मोडते. दोन्हींना एकच काळा रंग, म्हणजे कॅमेऱ्याला फरक दिसू नये. आणि शिशाची पिन आधी तपासून बघायची सोय नाही, कारण तपासली की मोडली, खरवडली की रंग गेला. म्हणून अण्णांच्या वडिलांनी तोड काढली होती. शिशाच्या पिनेच्या डोक्याखाली कानशीने एक बारीक खाच मारायची. रंगाखाली ती डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते. माल बाहेर पडण्याआधी घरातला कर्ता माणूस एकेका पिनेवरून अंगठा फिरवणार. खाच लागली की पांढऱ्या वाडग्यात, नाही लागली की पितळेच्या. त्यावर कुणी बोलायचं नाही, परत अंगठा फिरवायचा नाही.

"दीड-दोन वर्षं होतील फार तर," थोरला म्हणाला. "वकील म्हणाले तसं. तू एकटा जीव आहेस. अण्णांना नेलं तर ते पायरी उतरेपर्यंतही टिकायचे नाहीत. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, आणि हातात बेड्या घालून..."

बेड्या हा शब्द चार दिवसांत या घरात कुणी उच्चारला नव्हता.

"मी कुठे नाही म्हणतोय, दादा?"

"तसं नाही. मनापासून म्हण."

"मनापासूनच म्हणतोय," बारक्या म्हणाला, आणि ते खरं होतं. त्याला शिक्षा हवी होती. ज्याला भूक लागली आहे त्याला जेवायचा आग्रह करावा, तसा थोरल्याचा आग्रह चालला होता.

दाराशी वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, उभी होती. आता ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आणि त्या कागदावर तुमची सही आहे त्याचं काय? प्रत्येक पिन दोन माणसांनी तपासली, असं तुम्ही स्टुडिओला लिहून दिलंय."

"दर खेपेला देतो."

"बघता का कधी, दुसरं माणूस कोण ते?"

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. सतरा वर्षांच्या संसारात तिने त्याला असा प्रश्न विचारला नव्हता. "दुसरा मी," बारक्या मध्येच म्हणाला. "पहिला मी, दुसराही मीच. मिटलं?"

*

सिनेमा गुलामांच्या बंडाचा होता. शेकडो वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या गुलामांचा पुढारी लोहार होता आणि मालकाच्या हुकमाने आपल्याच माणसांच्या बेड्या घडवायचा. वर्षभर त्याने एकेकाच्या बेडीतली लोखंडी पिन काढून तिथे शिशाची बसवली, वरून काळा रंग फासला. मग एका दिवशी जहाजाच्या तळात पाणी शिरलं, मालक वरून झाकण लावून निघून गेले, आणि चाळीस मनगटांनी एकदम झटका दिला. पुढाऱ्याची स्वतःची पिन तेवढी लोखंडी होती, कारण ती मालकाने समोर उभं राहून ठोकून घेतली होती. तो बेडीसकट लढतो आणि बेडीसकट मरतो.

दिग्दर्शकाने ही गोष्ट याच टेबलाशी बसून सांगितली, तेव्हा अण्णांचे डोळे भरून आले होते. "आयुष्यभर राजांच्या तलवारी केल्या," ते म्हणाले होते. "पहिल्यांदा आपल्या धंद्यातल्या माणसाचा सिनेमा निघतोय. रबराचं सोंग नको. त्याने केल्या तशाच करायच्या." त्या दिवसांत अण्णा तसेही खुशीत असत. गेले सात-आठ महिने त्यांच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. कानस चालवताना गुणगुणत, जेवताना मागून घेत, सुनेची थट्टा करत. म्हातारपणी पालवी फुटली म्हणून सगळे हसत होते, आणि कुणी कारण विचारलं नव्हतं.

तर चाळीस पिना शिशाच्या आणि एक लोखंडी. लोखंडी पिन नायकासाठी. ती अण्णांनी स्वतः निवडून कापडाच्या चिंधीत बांधून बारक्याच्या हातात दिली होती. "ही पुढाऱ्याची," ते म्हणाले होते.

सेटवर पिना ठोकायचं काम बारक्याचं. त्याने चिंधीतली पिन नायकाच्या बेडीत ठोकली आणि बाकीच्या पिना चाळीस जणांच्या बेड्यांत. शेवटचा मासा होता. मासा म्हणजे ताईचा नवरा, घरचा जावई. सिनेमात उड्या मारणं, आगीतून धावणं आणि पाण्यात पडणं हा त्याचा धंदा. पट्टीचा पोहणारा, म्हणून त्याला सगळ्यांत खालच्या बाकावर बसवलं होतं, जिथे पाणी पहिल्यांदा डोक्यावरून जाणार.

"नीट ठोक रे मेव्हण्या," मासा म्हणाला होता. "नाहीतर पाणी यायच्या आधीच सुटून माझी लाज जायची."

"गप बसा दाजी, गुलाम बडबडत नसतो."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. बारक्या ते गेल्या चार दिवसांत हजारदा बोलला होता.

पाणी सोडलं. पुढारी ओरडला, झटके बसले, माणसं भसाभस वर येऊ लागली. आणि तेवढ्यात जिन्यावर उभ्या असलेल्या नायकाची बेडी त्याच्या हातातून निखळून पडली. जी तुटायची नाही तीच तुटली. दिग्दर्शक खवळला, सगळ्यांच्या नजरा जिन्याकडे, आणि बारक्या शिव्या खात हातोडी घेऊन नायकाकडे धावला. खाली मासा अजून पाण्यात होता. पण तो मासाच होता, दोन मिनिटं सहज राहायचा. तो तडफडत होता आणि कॅमेऱ्यामागचा कुणीतरी म्हणाला, काय झकास करतोय.

बारक्याने नायकाच्या बेडीतला पिनेचा तुकडा बोटांत घेतला. शिसं. त्याला ते कळायला अर्धा क्षण लागला, आणि त्याचा अर्थ कळायला त्याहून जास्त. ही शिशाची असेल तर लोखंडी कुठे गेली? घरातल्या पोरसवदा मुलालाही कळलं असतं. तो लोहाराचा मुलगा, लोहाराचा नातू, तुकडा हातात धरून त्या जिन्यावर उभा राहिला. किती वेळ? तो मोजायचा प्रयत्न करी. कधी दहा आकडे येत, कधी चाळीस. मग तो ओरडला, उडी मारली, पोहता येत नसताना छिन्नी घेऊन खाली गेला. लोखंड पाण्याखाली तोडायला किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

*

ताई दहा वाजता आली. थोरल्याने दार उघडलं आणि नको ते वाक्य बोलला, "चिमे, तू कशाला आलीस? आम्ही होतो ना."

"तुम्ही होतात म्हणूनच आले," ताई म्हणाली.

ती सरळ टेबलाशी गेली. बारक्या ऐरणीवरून उठून उभा राहिला. चार दिवसांत दोघं समोरासमोर आले नव्हते. ताईने त्याच्या हातांकडे पाहिलं. छिन्नी घसरून डाव्या हाताचं कातडं सोललं होतं, त्याला पट्टी होती.

"दुखतंय?" तिने विचारलं.

बारक्या खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून हुंदके देऊ लागला. ताई रडली नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोरल्याकडे वळली.

"साहेबांना काय सांगणार आहात?"

थोरल्याने सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं.

"नाही," ताई म्हणाली. "खरं सांगायचं. शेवटचा अंगठा अण्णांचा होता. त्यांचा अंगठा गेलाय हे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. चहाचा पेला गरम की गार ते कळत नाही त्यांना, ओठाला लावून बघतात. अॅसिडने आणि भट्टीने कातडं नाही राहिलं, खूर झालाय नुसता. आणि तरी दर खेपेला आपण सगळे गोल करून उभे राहतो, वा अण्णा, काय अंगठा आहे अण्णा!"

"हळू बोल. आत ऐकतील."

"ऐकू देत! माझा नवरा गेला दादा. मला अजून काय मागायचंय तुमच्याकडे? एवढंच की एकदा कुणीतरी खरं बोला."

"आणि अण्णा गेले म्हणजे तुझं समाधान होईल?"

"मला नाही माहीत," ताई म्हणाली. आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, "तू काल बघायला गेला होतास ना. स्टुडिओत. काय दिसतं?"

थोरला खिडकीकडे वळला. खरं सांगायची मागणी आत्ताच झाली होती, तेव्हा तो म्हणाला, "तो दिसतो. कोपऱ्यात. बराच वेळ दिसतो. दिग्दर्शक म्हणाला, हा शॉट ते वापरणार नाहीत. मग जरा थांबून म्हणाला, अर्थात तुमच्या बहिणीची हरकत नसेल तर... असं दृश्य परत मिळायचं नाही म्हणाला."

बारक्याने शिवी हासडली.

"ठेवू दे," ताई म्हणाली.

"चिमे!"

"ठेवू दे म्हणते ना. तेव्हा तर कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. आता तरी लोक बघतील."

*

वहिनीने तिला स्वयंपाकघरात नेलं. चहा टाकण्याचं निमित्त होतं, पण भांडं ओट्यावर तसंच राहिलं. वहिनीने फळीवरून सुईदोऱ्याचा डबा काढला, रिळं बाजूला सारली आणि खालून एक घोड्याच्या नालेसारखा लोहचुंबक काढून ताईच्या पुढ्यात ठेवला.

सात वर्षांपूर्वी तिनेच तो आणला होता. सरळ हिशेब होता. लोखंड चुंबकाला चिकटतं, शिसं चिकटत नाही. अंगठा नको, खाच नको. तिने मोठ्या उत्साहाने सासऱ्यांना दाखवला आणि अण्णांनी तो उचलून कोळशाच्या पिंपात भिरकावला. "म्हणजे माझा अंगठा मेला म्हणतेस?" दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनीने पाया पडून माफी मागितली आणि त्याच दुपारी पिंपातून चुंबक शोधून काढला. तेव्हापासून अण्णा दुपारी आडवे झाले की ती पांढऱ्या वाडग्यातल्या पिनांवरून तो फिरवी. एखादी लोखंडी चुकून आली असेल तर टक् करून चिकटायची. ती काढून पितळेच्या वाडग्यात टाकायची, नि गप्प राहायचं. सुरुवातीला वर्षातून एखादी निघे. मग दर खेपेला.

"ताई, मी तुम्हाला दोष देत नाही," वहिनी म्हणाली. "देवाशपथ नाही. पण कुणाला तरी बोलल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. या खेपेला तुम्ही तपासताना काय झालं? घाईत होतात का?"

"मी?"

"तुम्ही म्हणजे... तुम्हीच बघत होतात ना. दाजी शूटिंगला गेले की तुम्ही इथे रंग द्यायला येऊ लागलात तेव्हापासून. मागे एका दुपारी मी आले तर तुमच्या हातात हा होता, वाडग्यापाशी. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, लेकीने हातात घेतलं. सासऱ्यांच्या पाठीमागे सुनेने काही करावं त्यापेक्षा हे बरं. म्हणून मी काही बोलले नाही. डब्याची जागा तुम्हाला कळलीच होती."

ताईने पुढ्यातला चुंबक बाजूला सारला.

"वहिनी," ती म्हणाली, "मी तो परत ठेवत होते."

"काय?"

"तू तपासतेस हे मला आधीपासून माहीत होतं. दोनदा बघितलं होतं मी तुला. त्या दिवशी तू तो टेबलावरच विसरली होतीस. अण्णा उठायच्या आत दिसू नये म्हणून मी उचलला. तू दारात आलीस, हसलीस, आणि गेलीस. मला वाटलं, तुला बरं वाटलं मी तुझी चोरी झाकली म्हणून."

बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. वहिनी पाटावर बसली. "म्हणजे त्या दिवसापासून..."

"आठ महिने," ताई म्हणाली.

सात सुगरणी आणि भाजी अळणी, असं आपण हसत हसत म्हणतो. या घरात दोनच होत्या, आणि दोघींनी मनापासून एकमेकींवर भरवसा टाकला होता. दाराशी आलेल्या बारक्याने सगळं ऐकलं. त्यालाही चुंबक ठाऊक होता, पाच वर्षं. वहिनी आहे मागे, म्हणून त्याने कधी विचारलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका सेटवर एका नटाची बेडी तुटेना, तेव्हा नट वैतागला, रीटेक झाला, आणि बारक्याने ती पिन खिशात घालून घरी आणली होती. अण्णांना वाईट वाटेल म्हणून ती त्याने कुणाला दाखवली नाही. अजून त्या सदऱ्याच्या खिशात असेल.

"ताई," तो म्हणाला.

"नको बोलूस," ताई म्हणाली. तिने चुंबक उचलला, तळहातावर धरला, आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी सकाळपासून ठरवून आले होते की अण्णांकडे बोट दाखवायचं. आता कुणाकडे दाखवू? जा. तुला जे सांगायचंय ते सांग साहेबांना. मला आता काही मागायचं नाही."

*

साहेब वेळेवर आले. शांत, थकल्या चेहऱ्याचा माणूस. आधी ताईला म्हणाले, "बाई, तुम्ही आत थांबलात तरी चालेल." ती थांबली नाही, भिंतीशी उभी राहिली. वहिनी तिच्या शेजारी, पदराखाली हात घेऊन.

बारक्याने सांगितलं. पहिला मी, दुसराही मीच. अंगठा चुकला.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग ते म्हणाले, "मला ही रीत जरा दाखवा." त्यांनी फळीवरच्या बरणीतल्या मूठभर लोखंडी पिना घेतल्या, डब्यातल्या मूठभर शिशाच्या घेतल्या, बारा पिना एकत्र करून टेबलावर पसरल्या. बारक्यापुढे दोन वाडगे सरकवले.

बारक्याला चुकायचं होतं. त्याने मनाशी ठरवलं होतं, एक तरी चुकवू. पण अंगठा फिरला की हात आपोआप जायचा. लहानपणापासूनची सवय ती. बारा पिना संपल्या. साहेबांनी खिशातला चाकू काढून एकेक खरवडून पाहिली.

"बाराच्या बारा बरोबर," ते म्हणाले. मग वहीकडे न बघता, "तुम्ही म्हणता अंगठा चुकला. हा अंगठा चुकणारा नाही. एकेचाळीस पिनांत एकच लोखंडी, ती नायकाच्या बेडीत जायची सोडून नेमकी तुमच्या मेव्हण्याच्या मनगटात गेली. तुमचं आणि त्यांचं काही वाकडं होतं का?"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे थोरल्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"नाही हो साहेब!" तो म्हणाला. "म्हणजे त्याचं म्हणणं असं की... बारक्या, सांग ना! साहेब, ते दोघं जिवाभावाचे..."

"मी यांना विचारतोय."

बारक्या खाली मान घालून बसला. "काही वाकडं नव्हतं," तो म्हणाला. "पण तुम्हाला तसं लिहायचं असेल तर लिहा."

"बारक्या!" ताई ओरडली.

"ऊठ तिथून."

हा आवाज अण्णांचा होता. ते आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभे होते, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. थोरला धरायला धावला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. बारक्या उठला. अण्णा त्याच्या जागी बसले, त्यांनी पिना परत एकत्र केल्या.

"अण्णा, नको," थोरला म्हणाला. "साहेब, यांना बरं नाही, यांचं बोलणं धरू नका."

"शेवटचा अंगठा माझा," अण्णा साहेबांना म्हणाले. "चिंधीसुद्धा मीच बांधली. या पोराने फक्त ठोकल्या. बघा."

त्यांनी डोळे मिटले आणि पहिली पिन उचलली. अंगठा तिच्यावरून फिरला. पांढरा वाडगा. दुसरी. पितळी. एकही पिन त्यांनी परत चाचपून पाहिली नाही, तालात चाललं होतं सगळं, चाळीस वर्षं चालत होतं तसं. बारा पिना संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि हात मांडीवर ठेवले.

साहेबांनी चाकूकडे हात नेला. पण त्याआधी वहिनी पुढे झाली. तिने पदराखालचा हात काढला. त्यात चुंबक होता. सासऱ्यांकडे न बघता तिने तो पांढऱ्या वाडग्यावर धरला.

टक्.

टक्. टक्.

तीन पिना चिकटल्या. साहेबांनी चाकूकडे नेलेला हात मागे घेतला. वहिनी म्हणाली, "माफ करा अण्णा, मी तुमच्या मागून तपासायची." आणि ती रडू लागली.

"हाच तो आवाज," अण्णा म्हणाले.

वहिनीने मान वर केली.

"तुला वाटायचं मी झोपलोय, सूनबाई. मी पडून ऐकायचो. दर खेपेला यायचा. कधी एक, कधी तीन. एकदा पाच आले. मी मोजायचो. म्हणजे अंगठा किती मेला ते मला समजायचं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, या घरात पहिल्यांदाच. "तुम्हाला माहीत होतं, मग सोडून का नाही दिलंत?"

"माझ्या जागी तू काय बोलला असतास? तुम्ही सगळे माझ्यासाठी एवढं लपवत होतात. मी बोललो असतो तर तुमचं सगळं उघडं पडलं असतं. आणि मागे सूनबाई होती. माझी चूक ती काढून टाकायची. मला झोप लागायची."

ताई भिंतीपासून पुढे आली. ती अण्णांच्या समोर, टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. "मग या खेपेला, अण्णा?" ती म्हणाली. "या खेपेला तुम्ही पडून ऐकलं नाही का?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

"ऐकलं ना, चिमे. रोज कान देऊन पडायचो. आवाज यायचा बंद झाला होता. दिवाळीआधी बंद झाला म्हणायचा की कधी, आठ महिने झाले असतील. एक दिवस आला नाही. दुसऱ्या खेपेला नाही. तिसऱ्या खेपेलाही नाही. चूक नाही म्हणून आवाज नाही, असं धरलं मी." त्यांनी उजवा अंगठा डाव्या तळहातावर ठेवला आणि हळूहळू चोळू लागले. "कुणाला बोललो नाही, नजर लागेल म्हणून. मला वाटलं, माझा अंगठा परत आला."